वेठ, कळसूत्र आणि यंत्रमानव

तारकर्ली मागे पडली की देवबागचा रस्ता अरुंद होऊ लागतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि दोहोंच्या मध्ये माडांची व घरांची एक चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. आम्ही चौघे, सगळेच मराठी शिकवण्यावर पोट भरणारे, दशावतार पाहण्याच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो होतो. वाटेत कुडाळजवळ पिंगुळीला थांबून कळसूत्री बाहुल्या पाहिल्या आणि मुक्कामाला देवबागेत एका घरी उतरलो. घरधनी पूर्वी मासेमारी करीत. आता हंगामात पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. त्यांचा धाकटा मुलगा तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री जेवणे आटोपल्यावर तो आमच्यापाशी येऊन बसला आणि जरा चाचरत म्हणाला, "सर, तुमी मराठीचे मां? मगे रोबोटाक मराठीत काय म्हणतत?"

'यंत्रमानव', आम्ही एका सुरात उत्तरलो. परीक्षेत विचारलेल्या समानार्थी शब्दाचे उत्तर द्यावे तसे. मुलाचे समाधान झाले नाही. "पण आमच्याकडचो रोबोट काय माणसासारखो दिसत नाय. नुसतो हात आसा तो."

प्रस्तुत लेख हे त्या आक्षेपाला दिलेले, बरेच उशिराचे उत्तर आहे.

मूळ शब्दाची कुळकथा साहित्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते, निदान असावी. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर.यू.आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. नाटकात कारखान्यात तयार होणारे कृत्रिम कामगार आहेत. त्यांना काय म्हणावे हे चापेकला सुचेना. लॅटिनवरून बेतलेला एक शब्द त्याच्या मनात होता, पण तो त्याला फार पुस्तकी वाटला. चित्रकार असलेला त्याचा भाऊ योसेफ याने 'रोबोट' सुचवला. म्हणजे हा शब्द प्रयोगशाळेतून नव्हे, एका नाटककाराच्या अडचणीतून जन्मला. तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. वास्तविक खरी गोष्ट तिथून सुरू होते.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने बिनमोबदला राबण्याची सक्ती. बोहेमिया ज्या हॅब्सबुर्ग साम्राज्यात होता तिथे हा केवळ बोलीतला शब्द नव्हता, कायद्याच्या कागदावरचा होता. १७७५ साली मारिया तेरेसाच्या फर्मानाने या वेठीचे जास्तीत जास्त दिवस ठरवून दिले: आठवड्याला तीन. पुढे १८४८च्या उठावांच्या वर्षी ही वेठ कायद्याने संपली. चापेकच्या प्रेक्षकांच्या आजे-पणज्यांनी ती सोसलेली होती. 'रोबोट' हा शब्द रंगमंचावर प्रथम उच्चारला गेला तेव्हा प्रागच्या कानांना त्यात यंत्राची खडखड ऐकू आली नसेल. पाठीवरचा आसूड ऐकू आला असेल.

आता आपला 'यंत्रमानव' पाहा. चापेकचे रोबोट यंत्रे नव्हते. रसायनांतून घडवलेला जीवद्रव्यासारखा एक पदार्थ मळून ते तयार होत. आणि ते मानवही नव्हते, कारण नाटकातला सगळा पेचच ते मानव नाहीत असे धरून चालण्यातून उभा राहतो. म्हणजे मूळ शब्दात नसलेल्या दोन गोष्टी आम्ही शब्दात घातल्या आणि जी एकच गोष्ट त्यात होती ती, वेठ, गाळून टाकली. भाषांतराच्या तासाला उदाहरण म्हणून द्यावे इतका हा प्रकार नमुनेदार आहे.

बरे, आमच्याकडे शब्द नव्हता असेही नाही. 'वेठ', 'वेठबिगार' हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत आणि कोकणात तर ते कोशाबाहेरही भरपूर होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी मालवण हा रत्नागिरी जिल्ह्याचा भाग, आणि रत्नागिरी म्हणजे खोतीचा मुलूख. सारा गोळा करणारा खोत आणि त्याच्या कुळांनी त्याच्या शेतावर, घरी, प्रसंगी पालखीला राबायचे, हा तिथला शिरस्ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३८च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. प्रागमधील प्रेक्षक आणि आपल्या आजोबांच्या पिढीतील कोकणी कूळ यांच्यात, या एका शब्दापुरते, फारच थोडे अंतर होते. पण 'रोबोट' मराठीत आला तो चेकमधून नव्हे, इंग्रजीतून. आणि इंग्रजीत येईपर्यंत त्याच्या अंगाला लागलेली माती झडून गेली होती. आता वेठ उरली आहे ती फक्त 'प्रवाशांना वेठीस धरले' या वर्तमानपत्री मथळ्यात, आणि तिथे तर तिचा अर्थच उलटा झाला आहे: पूर्वी वरचा खालच्याला वेठीला धरी, आता संपावर गेलेल्या कामगारावर तो आरोप होतो. असो.

मुलाचा दुसरा मुद्दा होता की त्यांच्याकडचा रोबोट म्हणजे नुसता हात. या हाताचा इतिहास चाळीस वर्षांनी नंतरचा. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचे यंत्र बसवले गेले. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम. डोके नाही, पाय नाहीत, एक अवजड बाहू. रोबोटिक्स हा शब्द त्याच्याही आधीचा, आणि तोही कथाकाराचाच: आयझॅक आसिमोव्हने तो १९४१च्या एका कथेत वापरला. या विद्येतील माणसे आपल्या शास्त्राचे नाव आणि आपल्या वस्तूचे नाव ही दोन्ही साहित्याकडून उसनी घेऊन बसली आहेत. परतफेडीची मागणी आमच्या बाजूने अद्याप झालेली नाही.

आमच्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्स आले ते यंत्र अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाचा एक वैकल्पिक विषय म्हणून. १९८६ साली ग्रूव्हर आणि क्रेग यांची दोन पाठ्यपुस्तके निघाली. पुढच्या पिढ्यांनी ती, किंवा त्यांच्या झेरॉक्स प्रती, वाचल्या. विषयाचा गाभा गणिताचा. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ साली अशी रीत सांगितली की हाताचा प्रत्येक सांधा चार संख्यांनी वर्णावा, त्या संख्यांचे एक कोष्टक करावे, कोष्टकांचा गुणाकार करीत जावे, म्हणजे खांद्यापासून निघून बोटांचे टोक नेमके कुठे आहे ते कळते. उलटा प्रश्न अधिक कठीण: बोटाचे टोक अमुक जागी हवे असेल तर खांदा, कोपर, मनगट किती वळवावे? एकाच जागी हात पोचवण्याच्या अनेक रीती निघतात, कधी एकही निघत नाही. हे सगळे फळ्यावर उत्तम शिकवता येते आणि तसेच ते शिकवले गेले. संपूर्ण वर्ष रोबोट न पाहता रोबोटिक्समध्ये प्रथम श्रेणी मिळवणे शक्य होते. यात आम्ही हसण्यासारखे काही नाही. एकही प्रयोग न दाखवता नाटक शिकवणारे आम्हीही त्याच शाळेतले.

गणिताच्या पुस्तकातून तो हात विद्यार्थ्याच्या हाती आला तो अभ्यासक्रमामुळे नव्हे, स्पर्धांमुळे. मुंबईच्या आयआयटीत १९९८पासून टेकफेस्ट भरू लागला. २००२ साली आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने टोकियोत 'रोबोकॉन' ही महाविद्यालयांची स्पर्धा सुरू केली. भारतातील फेरी बरीच वर्षे पुण्यात होत असे. आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय फेरीच पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. यजमान देशाने खेळाची कल्पना द्यायची असते. आपण दिली ती गोविंदाची, दहीहंडीची. वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली यंत्रे त्या वर्षी पुण्यात लोण्यासाठी झटत होती. जिंकले चीनच्या शिआन येथील विद्यापीठाचे विद्यार्थी. गोकुळाची लाज राहिली नाही, पण खेळ रंगला.

त्या वर्षांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लिहायचा झाल्यास तो विद्यापीठांच्या कागदपत्रांत सापडणार नाही. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि जुन्या बाजारात सापडेल. गाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर हा त्या पिढीचा मुख्य स्नायू. ती स्वस्त मिळे, बारा व्होल्टवर चाले, फिरे हळू पण ओढी जोरात. शिवाय तिच्यातील दंतचक्राची रचना अशी की वीज तोडली तरी भाराने ती सहसा उलटी फिरत नाही, उचललेला हात उचललेलाच राहतो. हे पाठ्यपुस्तकात नव्हते. वसतिगृहात वरच्या वर्गातील मुलगा खालच्याला सांगे. गुरुकुलाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही परंपराही जमेस धरावी.

मात्र या परंपरेला भूगोल होता. लॅमिंग्टन रोड मालवणपासून पाचशे किलोमीटरवर. जुन्या बाजारात रविवारी फेरी मारायची तर आधी पुण्यात राहायला हवे. स्पर्धांच्या पहिल्या दहा वर्षांत रोबोटिक्स ही मोठ्या शहरांतल्या, त्यातही मोठ्या महाविद्यालयांच्या मुलांची विद्या राहिली याचे कारण बुद्धी नव्हे, सुट्या भागांचे दुकान. हे ओळखून काही केले ते मुंबई आयआयटीतील 'ई-यंत्र' या प्रकल्पाने. केंद्र सरकारच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पाने उलटी वाट धरली. विद्यार्थ्याने रोबोटपाशी यायचे नाही, रोबोटने विद्यार्थ्यापाशी जायचे. निवडलेल्या चमूंना यंत्राचा संच पार्सलने घरपोच, महाविद्यालयपोच पाठवायचा, शिकवणी संगणकावरून द्यायची, आणि ठिकठिकाणच्या महाविद्यालयांना प्रयोगशाळा उभारायला मदत करायची. 'फायरबर्ड' नावाचा दोन चाकांवर फिरणारा तो वाटोळा रोबोट कित्येक आडगावच्या महाविद्यालयांत पाहिलेला पहिला रोबोट ठरला. २०२० नंतर तर रोबोटिक्स आणि स्वयंचलन यांच्या स्वतंत्र शाखाच पदवी-पदविकेला ठिकठिकाणी निघाल्या.

आणि भाषा? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरूही झाला. आमच्या यजमानांच्या मुलाचे म्हणणे असे की शिक्षक बोलतात मराठीतच, नावे तेवढी इंग्रजी. आम्ही त्याला नावे विचारली. शोल्डर, एल्बो, रिस्ट. म्हणजे खांदा, कोपर, मनगट. डोके आणि पाय नसलेल्या त्या यंत्राला माणसाच्या हाताचीच नावे दिलेली आहेत. 'मानव' हा शब्द आम्ही जिथे लावला तिथे तो चुकला होता, पण सांध्यांच्या नावांत तो गुपचूप येऊन बसलेलाच आहे. हे आम्ही मुलाला सांगितले तेव्हा तो प्रथमच हसला.

वाटेत पाहिलेल्या पिंगुळीच्या बाहुल्या आम्हाला इथे आठवल्या. भोजाच्या समरांगणसूत्रधारात यंत्रांवर अध्याय आहे म्हणून रोबोट मुळात आमचाच, असे सांगणाऱ्यांची कमतरता नाही. अकराव्या शतकातील त्या ग्रंथाविषयी आदर राखून आम्ही म्हणू की आम्हाला पिंगुळीची बाहुली अधिक जवळची. ठाकर समाजातील काही घराण्यांनी चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या या कला सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांना हे नाव कळले. 'कळसूत्री' हा शब्द नीट फोडून पाहावा. कळ म्हणजे जिच्यामुळे हालचाल घडते ती युक्ती, आणि सूत्र म्हणजे दोरा. कुठली हालचाल कुठल्या दोऱ्याने होते हे ठरलेले. एक बोट उचलले तर बाहुलीचे मनगट उचलते, दुसरे उचलले तर मान वळते. डेनाव्हिट-हार्टेनबर्ग यांचे कोष्टक त्या कलावंताच्या बोटांत आहे, फक्त ते कागदावर आलेले नाही. 'यंत्रमानवा'पेक्षा 'कळसूत्री हात' हे नाव त्या मुलाच्या प्रयोगशाळेतील वस्तूला अधिक शोभले असते. अर्थात आता फार उशीर झाला. शब्द एकदा रुळले की ते पंडितांचे ऐकत नाहीत, आणि मुले 'रोबो' म्हणून मोकळी होतात.

बाहुलीचे दोरे तोडले तर काय, हाही प्रश्न प्रत्यक्षात विचारला गेला आहे, आणि देवबागपासून फार लांब नाही. गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे या शतकाच्या पहिल्या दशकात 'माया' नावाचे छोटे स्वयंचलित पाणयान तयार झाले: पावणेदोन मीटरच्या आसपास लांबी, दोनशे मीटर खोलीपर्यंत जाण्याची क्षमता. पाण्याखाली रेडिओलहरी पोचत नाहीत, उपग्रहाकडून ठिकाण कळत नाही. आत गेले की त्या यानाला आपली दिशा, वेग, खोली मोजत आपण कुठे आहोत हे स्वतःच ताडावे लागते. चूक साठत जाते. मग वर येऊन आकाशाकडे पाहायचे आणि हिशेब दुरुस्त करायचा. मुंबई आयआयटीतील विद्यार्थ्यांनी असेच पाणयान केले, त्याचे नाव 'मत्स्य'. ते अमेरिकेत सॅन डिएगोच्या स्पर्धेत उतरलेले आहे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतील यंत्रमानव तर वामनच. लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून तो घडतो, आणि त्याला आपल्यासारखे आणखी घडवू द्यावेत की नाही, या पेचाभोवती कथा फिरते. मत्स्य, माया, वामन. दशावतार पाहायला गेलेल्या आम्हाला ही नावे एका ओळीत दिसली नसती तरच नवल. शास्त्रज्ञ नावे ठेवताना पुराणांकडे वळतात. कुळकायद्याच्या कागदपत्रांकडे कोणीच वळत नाही.

मायेची गोष्ट यजमानांना सांगितली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की मग वर येऊन ते बघते काय. आम्ही उपग्रह म्हटले. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळी किनाऱ्यावरचा डोंगर आणि एखादे देऊळ किंवा उंच माड एका रेषेत आला की जागा कळे. आता कर्लीच्या मुखाशी अडचण वेगळी. तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, गेल्या वर्षीची वाट यंदा उथळ असते, आणि समुद्राच्या बाजूने पट्टी खचत असते ते निराळेच. मुलाला या वाळूची खोली मोजत फिरणारी एखादी लहानशी आपोआप चालणारी होडी करायची आहे. गटाने मात्र प्रकल्प घेतला तो काळ्या रेघेवरून चालणाऱ्या गाडीचा. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवायची, गाडीच्या पोटाखालचे डोळे प्रकाश किती परतला ते पाहून रेघ ओळखतात. सुटे भाग तयार मिळतात, गाडी पहिल्याच दिवशी चालते, गुण मिळतात. सगळीकडे तेच करतात. "पण रेवेर काळी रेघ खय असता?" मुलगा म्हणाला.

आम्ही विचारले, पुढे काय. चाकण, त्याने सांगितले. ओळखीचा एक मुलगा तिथे लागला आहे. चाकणला बजाजच्या कारखान्यात २०१०पासून माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबोट-हात आहेत. त्या पट्ट्यात अशा हातांना शिकवणारी, दुरुस्त करणारी माणसे लागतात. आई आतून म्हणाली की मागच्या वर्षी गेलेला तो मुलगा गणपतीलासुद्धा आला नाही. यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी यंत्रे येताना पाहिली आहेत. ट्रॉलर आले, त्यावरून किनाऱ्यावर भांडणे झाली, १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला; मग पर्ससीन जाळी आली, २०१६ साली त्यांच्यावर निर्बंध आले. त्यांच्या लेखी प्रश्न यंत्र हुशार आहे की नाही हा नव्हेच. जाळे कोणाचे आणि वाटा कोणाला, हा आहे.

चापेकच्या नाटकाच्या अखेरीस रोबोट सगळ्या माणसांना मारतात, फक्त एकाला सोडतात. अल्क्विस्ट त्याचे नाव. बांधकाम पाहणारा म्हातारा. त्याला सोडण्याचे कारण त्यांनी दिले आहे: हा हातांनी काम करतो. वर्गात शिकवताना ही जागा आम्ही सहसा यंत्रयुगावरची टीका म्हणून सांगून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने लांबवर अर्धवर्तुळात जाळे टाकलेले, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. मुलगा शर्ट काढून मधल्या जागेत शिरला. बघत उभे राहणे बरे दिसेना म्हणून आम्हीही शेवटी लागलो. दोर ओला, वाळूने भरलेला. तळहात पाच मिनिटांत लाल झाले. कोणी मोठ्याने हुकूम देत नव्हते, एकाची पावले मागे गेली की सगळ्यांची जात. तासाभराने जाळे आले. फार काही नव्हते. म्हाताऱ्या रापणकाराने वाळूवर ढीग केले, मोजले, एकातले थोडे दुसऱ्यात टाकले, आणि ओढणारे एकेक आपला ढीग उचलून गेले. आम्ही निघालो तेव्हा त्याने हाक मारून थांबवले आणि, आम्ही नको नको म्हणत असताना, आमच्याही हातात चार तारले ठेवले.